जुनं हॅमर्ली २०८ की वॉल्थर जीएसपी? बघायला जाताना काय तपासू?

रंकाळा_२५मी:
नमस्कार मंडळी. दोन जुनी पॉइंट टू-टू पिस्तुलं विक्रीला आहेत. एक हॅमर्ली २०८: ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) जवळपास नव्यासारखं, मूळ अक्रोडी ग्रिप, मॅगझिन एकच. दुसरं वॉल्थर जीएसपी: कडांवरचं ब्ल्यूइंग पार उडालंय, पण तीन मॅगझिन आणि सुट्या भागांची डबी सोबत आहे. परवाना तयार आहे. वापर स्टँडर्ड पिस्तूल या २५ मीटरच्या स्पर्धा प्रकारासाठी आणि एरवी रविवारी निवांत सरावाला. घेण्याआधी काय काय बघावं? आणि जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत सांभाळायचं कसं?

दहा_पॉइंट_नऊ:
ब्ल्यूइंगवर भुलू नका. पहिल्यांदा चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं, तोंड बघा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून स्लाइड मागे अडकवा, बारीक टॉर्च आणि भिंग घ्या. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत असतो, त्यामुळे पिन कडेवरच आदळते. रिकाम्या चेंबरवर वर्षानुवर्षं ट्रिगर ओढला गेला असेल आणि पिन पुरेशी अलीकडे थांबत नसेल, तर चेंबरच्या ओठावर नख रुतल्यासारखी बारीक खूण पडते आणि धातूचा बारीक उंचवटा आत सरकतो. मग काडतूस नीट बसत नाही, झाडलेली पुंगळी निघताना अडकते. थोडा उंचवटा जाणकार कारागीर दाबून सरळ करतो. खड्डा खोल असेल तर सौदा सोडा.

दुसरी गोष्ट मॅगझिन. जुन्या पिस्तुलांच्या निम्म्या तक्रारी मॅगझिनच्या ओठांतून येतात. ते किंचित फाकले की काडतूस नाक वर करून चेंबरच्या कडेला धडकतं आणि शिशाच्या टोकावर चंद्रकोरीसारखा कट पडतो. तो कट दिसला की दोष कुठे आहे ते कळलंच. २०८ ची मॅगझिनं महाग आणि दुर्मीळ, म्हणून एकाच मॅगझिनवर पिस्तूल घेणं मला पटत नाही. मी असतो तर चेंबर ठीक निघाल्यावर जीएसपीच घेतलं असतं.

चाचणी रेंजवर, मालक समोर असताना. आधी एकच काडतूस भरा, मग दोन. कुणीतरी ट्रिगर हलका करायला सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) घासलेली असेल, तर एका ओढीत दोन गोळ्या सुटू शकतात, आणि तेव्हा मॅगझिन भरलेलं नको. तसं झालं तर तिथेच थांबा. ठीक चाललं तर मॅगझिनांवर मार्करने १, २, ३ लिहा, प्रत्येकातून ५०-५० झाडा आणि कुठल्या मॅगझिनच्या कितव्या गोळीला अडलं ते टिपून ठेवा. अडथळा एकाच मॅगझिनला येत असेल तर दोष मॅगझिनचा. सगळ्यांत येत असेल तर एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाची) नखी, रिकॉइल स्प्रिंग किंवा चेंबरमधली मेण-शिशाची कडी बघा.

काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचंच: ४० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास. हाय व्हेलॉसिटीने स्लाइड जोरात मागे आपटते आणि जुन्या फ्रेमला तडे जाऊ शकतात. जीएसपीचा बफर (मागे येणाऱ्या भागाचा धक्का झेलणारा तुकडा) वयाने कडक झालेला किंवा तुटलेला असतो, तो घेतल्याबरोबर बदला.

कलम_पाच:
कागदांचं आधी बघा. फ्रेमवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नोंदीशी अंक न् अंक जुळला पाहिजे. खासगी विक्रीत शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याची पोच घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पिस्तूल आयात केलेलं असेल तर आयातीच्या कागदांत पुनर्विक्रीची अट आहे का तेही वाचा. “दोन दिवस घरी ठेवून बघतो” हा प्रकार अजिबात नको, तुमच्या परवान्यावर चढलेलं नसलेलं शस्त्र ताब्यात ठेवणं हा गुन्हा आहे. एकावेळी आणि वर्षभरात किती काडतुसं घेता येतील तो आकडाही परवान्यावर बघून ठेवा, सरावाचा हिशेब त्यावरच बसतो.

रंकाळा_२५मी:
आभारी आहे. स्पर्धेत चालेल की नाही हे कसं ठरवू? आणि स्मिथ अँड वेसन ४१ कुणी दाखवलं तर?

दहा_पॉइंट_नऊ:
मोजपट्टी घेऊनच जा. नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, दोन्ही साइट्समधलं अंतर २२० मिमी, रिकाम्या मॅगझिनसकट वजन १४०० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे. मॉडेल ४१ ची साडेपाच इंची नळी चालते, सात इंची नाही. ट्रिगरने किमान १००० ग्रॅम उचललं पाहिजे. रिकामं पिस्तूल कॉक करून नळी उभी धरा आणि वजन ट्रिगरला लावून सावकाश उचला. तीन वेळा करा. वजन जेमतेम तोलतंय असं वाटलं तर ट्रिगर थोडा जड करून ठेवा, तपासणीच्या टेबलावर जुना ट्रिगर दगा देतो. आणि राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, त्यातल्या प्रिसिजन टप्प्याला जे टार्गेट असतं तेच स्टँडर्ड पिस्तुलालाही: दहाचं वर्तुळ ५० मिमी. टेकू देऊन पाच-पाच गोळ्यांचे पाच गट त्या वर्तुळाएवढ्यात आले नाहीत, तर आधी काडतूस बदलून बघा, मग नळीला दोष द्या.

पंचगंगा_काठ:
पावसाळ्याचं सांगतो. स्पंजच्या पेटीत पिस्तूल ठेवू नका, स्पंज ओल धरतो. चामड्याच्या म्यानात तर नकोच. आपल्याकडचं बाभळीच्या सालीने कमावलेलं चामडं चपलेला उत्तम, पण त्यातला आम्लांश आणि ओल पोलादाला गंज चढवते. कुलपाच्या लोखंडी कपाटात सुती कापडावर ठेवा, शेजारी २०० ग्रॅम सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की १२० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा.

सगळ्यात फसवी जागा ग्रिपखालची. हाताचा घाम लाकडाच्या फटीतून आत उतरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा ग्रिप काढा, फ्रेम पुसा, तेलाचा बोळा फिरवा, लाकडाला मात्र तेल लागू देऊ नका. नळीतलं तेल झाडण्याआधी कोरड्या बोळ्याने काढा, नाहीतर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. ब्रश शक्यतो मागून घाला, पुढून घातलेला रॉड नळीच्या तोंडाची कड खातो. ज्या पिस्तुलात मागून रॉड जात नाही, तिथे दोरीचा बोळा ओढा. तेलकट बोटांनी काडतुसं हाताळू नका, तेल झिरपलं की मसाला मरतो.

ग्रिप हातात सैल वाटली तर लगेच रेती-कागद घेऊन बसू नका. तळहाताला टाल्कम पावडर लावा, पोकळ जागी एम-सीलचा पातळ थर द्या, नेमाच्या पवित्र्यात दोन मिनिटं धरा आणि वाळल्यावरच घासा. काढलेलं लाकूड परत येत नाही, एम-सील खरवडता येतं.