दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे पाच महिने थांबायचं आहे. कोणी थांबलंय का?

काटोलरोडकर

नमस्कार. मी नागपुरात काटोल रोडला राहतो. सहा वर्षांपासून एसएपी एमएमचं (कंपन्यांच्या खरेदी आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरचं) काम कॉन्ट्रॅक्टवर करतो. मागचा प्रोजेक्ट अमेरिकेतल्या क्लायंटचा होता. दोन वर्षं चालला, ३१ मार्चला संपला. संध्याकाळी सातला कामाला बसायचं, पहाटे तीनला उठायचं, असंच चाललं. गो-लाइव्हनंतरच्या, म्हणजे सिस्टीम सुरू झाल्यानंतरच्या, जास्तीच्या देखरेखीच्या काळात (हायपरकेअर) सहा आठवडे एकही रविवार मिळाला नाही. मुलगी सातवीत आहे. ती शाळेत निघायची तेव्हा मी झोपलेला, ती झोपायची तेव्हा मी कॉलवर.

एजन्सी मेपासून पुढचं काम देत आहे. मला ते घ्यायचं नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत थांबायचं आहे. झोप पार बिघडली, चाळिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झाली. शिवाय काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, साडेतीनशे झाडं. बाबांनी यंदा मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलोरा येणारं पीक, धरायचं ठरवलंय. आता पाणी तोडून झाडांना ताण देणं सुरू होईल. पाऊस पडला की खतं, फवारण्या, सगळं एकदम अंगावर येतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. बांधावर खुर्ची टाकून ते सांगू शकतात, ओळीओळीनं फिरू शकत नाहीत.

बाजूला अकरा लाख आहेत. घरकर्जाचा हप्ता २४,०००. बायको शिक्षिका आहे, तिचा पगार सुरू आहे. त्यामुळे उपाशी राहण्याची वेळ नाही. भीती दुसरीच आहे. परत गेल्यावर काम मिळेल का, रेट तोच राहील का? आणि आई रोज विचारते, "काहून घरी बसून राहिला बापा, काम सुटलं का?" तिला काय सांगू? ज्यांनी अशी सुट्टी घेतली त्यांनी खरंच काय झालं ते लिहा.

त्रिमूर्तीनगर

दादा, मी २०१५ पासून एबॅपचं (एसएपीमधल्या प्रोग्रॅमिंगचं) काम कॉन्ट्रॅक्टवर करते. आजवर तीनदा थांबले. पहिल्यांदा फार चुकलं, म्हणून तेच आधी सांगते.

२०१८ मध्ये वडील गेले. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करायचं होतं. मी क्लायंटला एवढंच म्हणाले, "थोडे दिवस थांबते." परत येण्याची तारीख मी सांगितली नाही, आणि मनाशीही ठरवली नव्हती. चार महिने धरले होते, नऊ झाले. शेवटचे दोन महिने मी रोज सकाळी बँकेचं अॅप उघडून आकडा बघायची. त्या घाबरलेल्या अवस्थेत जे पहिलं काम आलं ते घेतलं, आधीच्या रेटच्या दोनतृतीयांशावर. त्यात चौदा महिने अडकले. सुट्टीनं माझं जितकं नुकसान केलं नाही तितकं त्या घाईच्या होकारानं केलं. तेव्हा तुमच्या सप्टेंबरअखेरला आजच कागदावर तारीख द्या. एजन्सीला मेल टाका: अमुक तारखेपासून नाही, अमुक तारखेपासून उपलब्ध आहे. ज्या मॅनेजरबरोबर तुम्ही दोन वर्षं काढली त्यालाही वेगळं कळवा. एजन्सीतली माणसं बदलतात, तुमचं काम पाहिलेला माणूस तुम्हाला विसरत नाही.

पैशाचं मी आता असं करते. वर्षाला बारा महिने काम मिळेल असं धरतच नाही, आठ धरते. आमच्या घराला महिन्याला ७०,००० लागतात, म्हणजे वर्षाला ८,४०,०००. त्याला बाराने भागलं तर ७०,०००, आठने भागलं तर १,०५,०००. रेट ठरवताना हा दुसरा आकडा डोक्यात ठेवते, कर आणि विमा त्यावर वेगळे. सगळी बिलं एका खात्यात येतात. तिथून दर १ तारखेला घरखर्चाच्या खात्यात ७०,००० जातात, काम असो वा नसो. घराला वाटतं पगार सुरू आहे. माझ्या सासूबाईही तुमच्या आईसारख्याच विचारायच्या. १ तारीख चुकत नाही हे त्यांनी दोन-तीन महिने पाहिलं आणि विचारणं आपोआप थांबलं. तुमच्या अकरा लाखांतून पाच महिन्यांचा खर्च वेगळा काढा आणि याच पद्धतीनं सोडा. उरलेल्याला हात लावू नका.

आता झोपेचं, कारण ते तुम्ही एका ओळीत उरकलं. रात्रपाळीची सवय सुटायला मला साडेपाच आठवडे लागले. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी डोळे मिटायचे. पहिल्या महिन्यात कुठलाही कोर्स लावू नका. पहाटे अंबाझरी तलावावर जा, फुटाळ्याला जा, ऊन चढायच्या आत परत या. गोळीबद्दल डॉक्टर सांगतील तसंच करा, बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

सीव्हीवर एक ओळ पुरते: "मे ते सप्टेंबर, कौटुंबिक शेतीच्या कामासाठी विराम." २०२२ च्या सुट्टीनंतर मला मुलाखतीत विचारलं, मी मुलाची दहावी होती म्हणून सांगितलं, पुढचा प्रश्न आला तो थेट कामाचा. लपवलेली पोकळी मात्र लगेच दिसते.

लेजरवाला

सीए आहे, धंतोलीत बसतो. ताईंनी मुख्य ते सांगितलं, मी कागदांचं सांगतो. काम थांबलं तरी जीएसटी रिटर्न थांबत नाही. नोंदणी असेल तर शून्याचं का होईना, भरावंच लागतं. उशिराला दिवसाला २० रुपये, ती रक्कम छोटी आहे. खरा धोका असा की सलग सहा महिने रिटर्न नसेल तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि तुमची सुट्टी पाच महिन्यांची आहे. पैसे परदेशातून येत असतील तर एलयूटी (जीएसटी न भरता परदेशी बिल काढण्याचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्यानं द्यावं लागतं. मार्चचं बिल एप्रिलमध्ये काढणार असाल तर त्याआधी ते भरा. व्यवसाय कराचे २,५०० रुपये ३० जूनच्या आत.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नवीन कर्ज काढायचं असेल तर बँक दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं बघते. सुट्टीच्या वर्षाचा आकडा खाली दिसेल. बागेसाठी ट्रॅक्टर, घराला मजला असं काही मनात असेल तर आधीच ठरवा. आणि तुम्हाला रक्तदाब आहे, तेव्हा आरोग्य विमा एक दिवसही तुटू देऊ नका. तुटला तर आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो.

मिहानवाला

मी थोडं वेगळं सांगतो. मी पूर्ण वर्ष थांबलो होतो. परत आलो तेव्हा एजन्सीतला ओळखीचा माणूस गेला होता आणि जुन्या सिस्टीमचं काम कोणी विचारेना. ईसीसीचा, म्हणजे एसएपीच्या जुन्या सिस्टीमचा, नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेर संपतो, सगळे नव्या एस/४ हानाकडे चालले आहेत. तीन महिने शिकण्यात गेले. पाच महिने चालतील, पण आठवड्याला एक दिवस सपोर्टचं काम हातात ठेवा. ओळख टिकते.

त्रिमूर्तीनगर

मिहानवाले दादा, शिकण्याबद्दल पूर्ण पटलं. ऑगस्टपासून रोज दोन तास एस/४ ला द्यावेत. पण तो एक दिवस मी ठेवून पाहिलाय, २०२२ मध्ये. बुधवार ठरला होता. मंगळवारी रात्री इश्यू आले, गुरुवारी फॉलोअप आले. लॅपटॉप पाचही दिवस उघडा. ज्याची झोप गेली आहे त्यानं अमेरिकेच्या वेळेवरचा एक दिवससुद्धा ठेवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

काटोलरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोबरोबर बसून आकडे मांडले. तिचा पगार वापरूनही महिन्याला आणखी ४५,००० लागतील असं निघालं. पाच महिन्यांचे २,२५,००० वेगळ्या खात्यात टाकले. एजन्सीला मेल गेला: १ ऑक्टोबरपासून उपलब्ध. मॅनेजरचं उत्तर आजच आलं, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोलू म्हणाला. एलयूटी राहिलंच होतं, ते भरलं. सपोर्टचा एक दिवस घेत नाही.

आईला सांगितलं की काम सुटलं नाही, पाच महिने बागेत आहे, १ तारखेला पैसे येतील. ती म्हणाली, "मंग बाबाले सांग, मजूर एक कमी लाव." उद्या बाबांबरोबर काटोलला चाललो आहे. पावसाच्या आधी साडेतीनशे बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायची आहे, मोरचूद आणि चुना आजच घेऊन ठेवला.