एक्स्पोसितो: हे आडनाव टाकावं की राखावं?

कृष्णाकाठ
कामानिमित्त गेले सात महिने स्पेनमध्ये खाएन प्रांतात आहे. नजर पोचेल तिथवर ऑलिव्हची झाडं, आणि मी तेल गाळायच्या यंत्रांची जोडणी करतो. माझ्या सोबतच्या सहकाऱ्याला पुढच्या महिन्यात मुलगी होणार आहे आणि त्यांच्या घरात आडनावावरून वाद पेटलाय. मला तो फार लागला, म्हणून इथे मांडतो.

त्याच्या आईचं आडनाव एक्स्पोसितो. मूळ लॅटिन 'एक्स्पोसितुस', म्हणजे बाहेर ठेवलेला. टाकून दिलेल्या बाळांना हे आडनाव लावत. अनाथालयाच्या भिंतीत लाकडाचं एक फिरतं पिंप बसवलेलं असे, त्याला 'तोर्नो' म्हणतात. रस्त्याच्या बाजूने बाळ ठेवायचं, घंटा वाजवायची, पिंप फिरलं की बाळ आत. ठेवणाऱ्याचा चेहरा आतल्या बाईला दिसत नसे. काही बाळांच्या कपड्यांत अर्धं कापलेलं पदक किंवा पत्त्यातलं अर्धं पान सापडे. दुसरा अर्धा आईकडे, कधी परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मग 'आईवडील अज्ञात' अशी नोंद व्हायची आणि पुढे हे आडनाव.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, वडिलांचं पहिलं आणि आईचं पहिलं. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. माझ्या सहकाऱ्याच्या नावात एक्स्पोसितो दुसऱ्या जागी आहे, त्यामुळे ते मुलीपर्यंत जाणारच नाही. म्हणून त्याला स्वतःच्या दोन आडनावांचा क्रम उलटा करून घ्यायचाय. सज्ञान माणसाला नोंदणी कचेरीत अर्ज करून तसं करता येतं. आई म्हणते, मी जिवंत असेपर्यंत नको.

माझं मत स्पष्ट आहे: राखावं. या शब्दात बाळाचा काही दोष नाही, दोष टाकणाऱ्या जगाचा आहे. शब्द पुसला की त्या जगाचाच पुरावा पुसला जातो.

अनघड
पूर्ण असहमत. कृष्णाकाठ, तुम्ही पुराव्याबद्दल बोलताय, पण तो पुरावा अंगावर वागवायचा कोणी? ज्याला टाकलं त्यानेच?

मी बालगृहात वाढलो. सातवीत स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना वडिलांच्या नावाची रेघ कोरी सोडली. सरांनी वर्गासमोर फॉर्म वर धरून विचारलं, "हे कोण विसरलं?" सगळ्यांना माहीत होतं कोणाचा आहे. आज चाळिशीत आहे, तरी कचेरीत फॉर्म हातात आला की आधी ती रेघ कुठेय ते बघतो. माझी ती एक कोरी रेघ होती. या लोकांची सहीच तशी होती. दुकानदार, मास्तर, सोयरिकीला आलेले पाहुणे, सगळ्यांना नाव सांगताक्षणी कळायचं. ज्याला बदलायचंय त्याला बदलू द्यावं, इतिहास सांभाळायचं ओझं त्याच्यावर टाकू नये.

दफ्तरखाना
अनघड म्हणतात ते स्पेनच्या कायद्यानेही मानलंय. १९२१ पासून हे आडनाव बदलून घेण्याची कायदेशीर वाट आहे. १९५७ च्या नागरी नोंदणी कायद्यात तर 'एक्स्पोसितो' हा शब्द नाव घेऊन आला होता: हे किंवा जन्म अज्ञात असल्याचं दाखवणारं दुसरं कुठलंही आडनाव बदलता येईल. अनेकांनी बदललं. एखाद्या घराण्याचा माग काढताना दोन पिढ्यांत आडनाव अचानक वेगळं दिसलं, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

पण त्याआधीचा एक प्रयत्न मला जास्त मोलाचा वाटतो. १७९४ मध्ये कार्लोस चौथ्या राजाने फर्मान काढलं की ही मुलं नागरी व्यवहारात औरस मानावीत, आणि त्यांना कोणी 'हरामी' वगैरे म्हटलं तर म्हणणाऱ्याला शिक्षा व्हावी. त्यांना फटके, फाशी असल्या अप्रतिष्ठेच्या शिक्षाही द्यायच्या नाहीत, कारण न जाणो, एखादा बड्या घराण्यातला निघायचा! हे कारण काही भलं नाही, पण दिशा बघा. राजाने आडनावाला हात लावला नाही, शिवी देणाऱ्याच्या तोंडाला लावला.

अनघड
आणि शिव्या थांबल्या?

दफ्तरखाना
नाही थांबल्या. माद्रिदच्या अनाथालयाला 'इन्क्लुसा' म्हणत. तिथल्या मेरीमातेची तसबीर नेदरलँड्समधल्या एन्कहाउझनहून आली आणि त्या गावाच्या नावाचा अपभ्रंश झाला, असं सांगतात. तिथे वाढलेल्या मुलाला 'इन्क्लुसेरो' म्हणत, आणि पुढे तीच शिवी झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथली बहुतेक बाळं लहानपणीच दगावत. जी जगली त्यांच्या वाट्याला हा शब्द आला. तुमचा मुद्दा मी नाकारत नाही.

रानजाई
मला वाटतं प्रश्न टाकायचं की राखायचं हा नाहीच, आडनाव दिलं कोणी हा आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं: यशवंत जोतीराव फुले. पुढे तो डॉक्टर झाला. 'बाहेर ठेवलेला' असा शिक्का मारणं आणि 'आमचा' म्हणून नाव देणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. स्पेनमधल्या संस्थांनी मुलं सांभाळली हे मान्य, पण नाव देताना त्यांना घरात घेतलं नाही. असलं नाव राखण्यासारखं काय आहे?

कृष्णाकाठ
रानजाई, उदाहरण बिनतोड आहे, पण ते माझ्या बाजूनेही बोलतं. फुले हे नाव मिळूनही यशवंताला मुलगी द्यायला लोक तयार नव्हते. शेवटी सत्यशोधक चळवळीतल्याच ससाणे यांच्या घरची मुलगी सून म्हणून आली. म्हणजे नाव चांगलं मिळालं तरी लोक जन्म विसरले नाहीत. मग निदान नाव तरी खरं का असू नये?

रानजाई
कारण घरी परतल्यावर दारावर कोणाचं नाव आहे याने फरक पडतो. जगाने छळलं तरी यशवंतामागे जोतिराव आणि सावित्रीबाई होते. एक्स्पोसितो नावाच्या पोरामागे कोण होतं?

मोगरी
थोडं अवांतर. याच शब्दाचं इटालियन रूप 'एस्पोझितो'. नेपल्सच्या परिसरात ते आजही फार मोठ्या प्रमाणावर आढळतं. तिथल्या अनुन्झियाता अनाथालयातही असंच फिरतं पिंप होतं. इतक्या घरांत ते नाव आहे की ऐकणाऱ्याच्या मनात मूळ अर्थ येतसुद्धा नाही. कॅटलान भाषेत 'देउलोफेउ' आहे, म्हणजे 'देवाने त्याला घडवला'. तेही अशाच मुलांना देत. फुटबॉल बघणाऱ्यांना हे नाव माहीत असेल.

स्पॅनिश वेब मालिका बघणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना एस्तेर एक्स्पोसितो ही नटी ठाऊक आहे. त्यांना ते नुसतं देखणं आडनाव वाटतं. मला यात आशा दिसते. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतो, काटे झिजतात.

दफ्तरखाना
एक सावधगिरी. 'दे ला क्रुस' (क्रुसाचा), 'इग्लेसियास' (चर्च) अशी आडनावंही काही ठिकाणी या मुलांना दिली गेली, पण तसं आडनाव असलेला प्रत्येक जण त्यातला नव्हे. इग्लेसियास नावाची गावंही आहेत, त्यावरूनही ते आलंय. कोणाच्या आडनावावरून त्याचा जन्म शोधत बसू नये.

मोगरी, एक फरकही आहे. स्पेनमध्ये गार्सिया १४ लाखांहून जास्त लोकांचं पहिलं आडनाव आहे, आणि त्याचा अर्थ बास्क भाषेतलं अस्वल की तरुण यावर अजून वाद चालतो. अर्थ हरवला म्हणून कोणाचं काही अडलं नाही. एक्स्पोसितोचा अर्थ मात्र तिथल्या माणसाला कळतो. काटे झिजायला अजून वेळ आहे.

अनघड
मोगरी, झिजतात हे खरं असेल. पण कोणाच्या कातडीवर झिजतात ते बघा.

कृष्णाकाठ, एक विचारतो. तुमचा सहकारी हे नाव मुलीला देऊ शकतो, कारण त्याच्यासाठी ते आजोबांचं नाव आहे, अभिमानाचं. त्याच्या आईसाठी ते काय आहे? तिला कोणी विचारलं?

कृष्णाकाठ
तुम्ही विचारलंत म्हणून काल जेवायला गेलो तेव्हा विषय काढला. आईंनी कपाटातून वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल आणून दाखवली. म्हणाल्या, वडिलांना नाव बदलायची वाट माहीत होती. अर्ज आणलाही होता, पण नवं आडनाव लिहायच्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना. दुसऱ्या कोणाचं नाव उगाच का घ्यावं, असं म्हणून कोरा ठेवून दिला. तो अर्जही त्या कागदांत होता, पिवळा पडलेला.

माझं मत मी अजून सोडलेलं नाही. पण सहकाऱ्याने पुढच्या आठवड्यातली नोंदणी कचेरीची वेळ रद्द केलीय. आधी आईशी बोलतो म्हणाला.

अनघड
कोऱ्या जागेचं कळलं मला. त्यांना माझा नमस्कार सांगा.