दुय्यम बॉल मिलला रबर लायनर बसवावेत का? सल्ला हवा

ओलंदळण:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे खनिज दोन टप्प्यांत दळतो. दुसऱ्या टप्प्याची बॉल मिल (आतल्या गोळ्यांनी दळणारं फिरतं पिंप) 3.2 मीटर व्यासाची, ओलं दळण, गोळे 50 मिमीचे. आजवर स्टीलचेच लायनर, म्हणजे पिंपाचं आतलं अस्तर. बदलायची वेळ आली की प्लेटांच्या कडा मार खाऊन पसरलेल्या असतात, एकमेकींत रुतून बसतात, मग गॅस कटर लावावा लागतो. बोल्टांपाशी स्लरी (दळलेलं खनिज आणि पाणी) गळते ती वेगळीच. पुढच्या शटडाऊनला रबर बसवायचं म्हणतोय. टिकेल का? पुरवठादाराला काय विचारावं?

फिटर_रात्रपाळी:
बसवा. रबराची घनता 1.1 ते 1.2, स्टीलची 7.8. जाडी थोडी जास्त धरली तरी अस्तर कितीतरी हलकं होतं, माणसांचे हात वाचतात. आवाजही खूप उतरतो. रबर शेलला, म्हणजे मिलच्या बाहेरच्या पिंपाला, घट्ट बसतं, त्यामुळे गळतीही कमी होते. पण एक सांगतो, कटरची सवय आजच सोडा. आत रबर असताना बाहेरून शेलवर वेल्डिंग केलं तरी आग लागू शकते, आणि मिलच्या आत माणूस असेल तर तो धूर जीवघेणा ठरतो. ही गोष्ट कंत्राटदाराच्या प्रत्येक माणसाला सांगा.

जुना_दळणारा:
तुमचे गोळे आणि ओलं दळण पाहता रबर चालेल. मात्र स्टीलच्या लायनरचा नकाशा देऊन 'हाच रबरात करून द्या' असं सांगू नका. रबराचं अस्तर रुळलं ते उत्तर स्वीडनच्या खाणपट्ट्यातल्या स्केगासारख्या कंपन्यांमुळे, 1960 च्या दशकात. तिथे रचनाच रबराच्या स्वभावाला धरून केली गेली: उभा लिफ्टर बार (गोळे आणि माल वर उचलणारी पट्टी), त्याच्या पोटात धातूची पट्टी, तिच्यात अडकणारा बोल्ट, आणि दोन लिफ्टरांनी दाबून धरलेली प्लेट.

यामागचं कारण लक्षात घ्या. गोळा सरळ आदळला तर रबर दबतं आणि परत उसळतं, त्याला फारसं काही होत नाही. गोळा घसरत गेला की मात्र ते सोलून निघतं. म्हणून भार घसरू न देणं हेच लिफ्टरचं मुख्य काम. लिफ्टर झिजून बसका झाला की प्लेटा झपाट्याने जातात. तो वेळेवर बदलला तर त्याच प्लेटांवर बहुतेक ठिकाणी लिफ्टरचा दुसरा संच निघतो. लिफ्टर फार जवळ असले तर मधे माल दाटून बसतो, फार लांब असले तर प्लेट उघडी पडते. तेव्हा पुरवठादाराला लिफ्टरची उंची, अंतर, समोरच्या बाजूचा कोन, आणि किती उंची उरली की बदलायचा, एवढं लेखी मागा.

जाडीही विचारा. आता 65 मिमी असेल आणि रबर 80 मिमी आलं, तर आतला व्यास 3.07 वरून 3.04 मीटर होतो, म्हणजे घनफळ जवळजवळ 2 टक्के कमी. तुमची मिल आधीच भरून चालत असेल तर हा आकडा लहान नाही.

सॅगवाला:
पहिल्या टप्प्यासाठी हा सल्ला लावू नका. मोठे गोळे, मोठे दगड असतील तिथे निव्वळ रबर फाटतं. तिथे रबरात कठीण धातूचे तुकडे बसवलेले लिफ्टर घ्यावेत. कोरडं, गरम दळण असेल तर रबराचा नादच नको, साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे नैसर्गिक रबर लवकर खराब होतं.

ओलंदळण:
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. आम्ही फ्लोटेशनसाठी (हवेच्या बुडबुड्यांवर खनिज वेगळं करायला) डिझेल मिलच्या फीडमध्येच सोडतो. चालेल ना?

जुना_दळणारा:
नाही! बरं झालं विचारलंत. नैसर्गिक रबर डिझेलने फुगतं, मऊ पडतं. तेल सोसणारी रबरं असतात, पण घासणीला ती इतकी टिकत नाहीत. डिझेल मिलनंतर, कंडिशनर टाकीत (फ्लोटेशनआधी स्लरी ढवळतात ती) सोडून पाहा. शिवाय पुरवठादाराकडून नमुन्याचे तुकडे मागवा, तुमच्याच स्लरीत काही आठवडे बुडवून ठेवा, आधी आणि नंतर वजन करा.

ओलंदळण:
टाकीपर्यंत पाइप नेता येईल, जागा आहे. आधी तिथे डिझेल सोडून रिकव्हरी (हाती येणाऱ्या खनिजाचं प्रमाण) पडत नाही ना ते पाहतो, तोवर लायनरची ऑर्डर थांबवतो. तुकडे आजच मागवले.