मोठ्या गॅपनंतर परदेश : स्पेनमधला पहिला दिवस कसा गेला?

कोविडनंतर पहिल्यांदाच देशाबाहेर पडलात आणि स्पेनला गेलात, तर इथे लिहा, पण फक्त पहिल्या दिवसाबद्दल. बाकी ट्रिपचे फोटो सगळ्यांचे बघून झालेत, पहिल्या दिवसाची फजिती मात्र कोणी सांगत नाही. सुरुवात मीच करते.

जून २०२२, माद्रिद. आधीचा प्रवास फेब्रुवारी २०२० चा, मधली सव्वादोन वर्षं पासपोर्ट कपाटात साड्यांखाली. स्पेनला तेव्हा लशीच्या शेवटच्या डोसला २७० दिवस होऊन गेलेले चालत नव्हते म्हणून आम्ही दोघांनी निघायच्या आधी मुद्दाम बूस्टर घेतला, सर्टिफिकेटच्या तीन तीन प्रिंटा काढल्या, आणि इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसाने एक अक्षर न बोलता शिक्का मारून दिला! बॅगा घेऊन बाहेर आलो तर एअरपोर्टवर कोणाच्याच तोंडाला मास्क नाही, म्हणून आम्ही पण काढून पर्समध्ये कोंबले, ८ नंबरच्या मेट्रोत चढलो आणि बघते तर अख्खा डबा मास्कमध्ये. मेट्रो-बसमध्ये तेव्हा सक्ती होती (ती नंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये उठली). समोरच्या आजींनी काही न बोलता स्वतःच्या मास्कला बोट लावलं, बास. नवरा बॅग उघडून शोधतोय, आजी बघतायत, मी खिडकीबाहेर बघतेय, बाहेर बोगदा.

हॉटेलवर पडलो ते साडेपाचला उठलो, पोटात कावळे. तीन ठिकाणी गेलो, तिन्हीकडे ‘कोथिना थेर्रादा’. मला आपलं कोथिंबीर ऐकू आलं, म्हटलं कोथिंबीर संपली म्हणून जेवण नाही होय! कोथिना म्हणजे स्वयंपाकघर, ते बंद. दुपारचं जेवण चारपर्यंत, रात्रीचं साडेआठ-नऊच्या पुढे, मधे उपाशी राहा. आणि पावणेदहाला बाहेर लख्ख उजेड, कारण हा देश आहे लंडनच्या रेषेत आणि घड्याळ मात्र १९४० पासून जर्मनीचं लावून बसलाय. झोपायचं कधी हेच शरीराला कळेना.

—

ताई, कोथिंबीर भारी. आमचं बार्सिलोना, ऑक्टोबर २०२२, सोबत आई, वय ७१, अंडंसुद्धा न खाणारी, आणि दोन वर्षं सोसायटीच्या गेटबाहेर फारशी न पडलेली. एअरपोर्टवर तिच्यासाठी ‘सांदविच वेखेताल’ घेतलं, नावातच व्हेजिटेबल म्हटल्यावर विचारायचं काय. तिने एक घास घेतला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. आत ट्यूना. तिकडे त्या सँडविचात ट्यूना नाहीतर अंडं सर्रास असतं, लेट्यूस टोमॅटो आहे म्हणून नाव वेखेताल. आई ओरडली असती तर बरं वाटलं असतं, ती शांतपणे चूळ भरून आली आणि पर्समधून दशम्या काढून खाल्ल्या, मलाही दिली.

संध्याकाळी रावाल भागात एका पाकिस्तानी माणसाचं किराणा दुकान दिसलं, तिथे असे बरेच आहेत. आई डायरेक्ट काउंटरवर, तिच्या दादरच्या हिंदीत, ‘भैया, दही ताजा है क्या’. त्याने आधी बसायला स्टूल दिलं, मग दही. अर्धा तास गप्पा. साग्रादा फामिलिया, तिथलं ते प्रसिद्ध चर्च, त्या दिवशी टॅक्सीतून दिसलं तेवढंच, आईला ते अजून आठवत नाही, दुकान आठवतं.

—

माझी फजिती नाही, नुकसानच. मे २०२३, बार्सिलोना, उतरून चार तास झाले होते. मेट्रोच्या दारात गर्दी झाली, दार लागलं, पाकीट गेलं. वीस वर्षं विरार लोकल केली, कधी गेलं नाही, पण तीन वर्षं घरून काम करून ती सवयच मोडली, हात खिशावर जातच नाही. पोलिसांत तक्रार केली की त्याचा कागद मिळतो, देनुन्सिया म्हणतात, तो जपून ठेवा. आणि एक, व्हिसाला जो ३०,००० युरोचा इन्शुरन्स लागतो तो दवाखान्याचा असतो, चोरीचं त्यात धरलंय का ते घ्यायच्या आधीच वाचा. मी परत आल्यावर वाचलं.

—

आम्ही वसईचे. मी एकटीच गेले होते, रिटायर झाल्यावर, नोव्हेंबर २०२३. पहिल्या दुपारी माद्रिदमध्ये एका छोट्या हॉटेलात बसले, मेनू कळेना, तर सरळ मराठीत म्हटलं ‘बटाटा?’ पोरगा खूश, ‘सी सी, पताता!’ आणि अंड्या-बटाट्याचा जाडजूड तोर्तिया आणून ठेवला. आपला शब्द पोर्तुगीजांकडचा, त्यांच्या भाषेची सख्खी बहीण म्हणजे स्पॅनिश. खाऊन झाल्यावर तो येऊन विचारतो, ‘पागार?’ मी दचकलेच. म्हटलं बाबा, पगार बंद झाला, पेन्शन आहे. त्यांच्यात पागार म्हणजे पैसे देणं. एकटीच हसत बसले होते, तो पण हसला, त्याला काय कळलं देव जाणे.

—

फेब्रुवारी २०२४, सेविया (इंग्रजीत सेव्हिल). माद्रिदला उतरून लगेच आवे, म्हणजे तिकडची वेगवान ट्रेन, पकडली, अडीच तास, मी सगळा वेळ झोपलेलो. बाहेर आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, फळांनी लगडलेली, आणि कोणी हात लावत नाही. मी नागपूरचा. बायको म्हणाली अहो नका, कोणाची तरी असतील. म्हटलं पडून वाया जातायत, ह्यांना काय कळतं संत्रं. एक तोडलं, सोललं, सालाचा वास असा की घरची आठवण यावी, आणि मोठी फोड तोंडात टाकली. आईशप्पथ, कडू! आंबट आणि वरून कडूजहर. ती शहरातली झाडं शोभेची आणि वासाची, फळाचा मार्मालेड करतात म्हणे. झाडू मारणारा एक बाबा लांबून बघत होता, त्याने आधीच मान हलवून नको नको केलं होतं, मला वाटलं ओळख देतोय.