वस्तू टिकत का नाहीत हो? तुमचे अनुभव सांगा

आईच्या लग्नातला, १९८३ सालचा मिक्सर परवा माळ्यावरून काढला. लावला तर चालू! आजवर कपलर दोनदा आणि कार्बन ब्रश एकदा बदललाय, बस. माझा मात्र चार वर्षांत तिसरा. डाळ वाटायला घातली की जळका वास. दुकानदार म्हणाला, "ताई, मोटरमधलं तारेचं वाइंडिंग ॲल्युमिनियमचं आहे. भरून घेण्यापेक्षा नवीन घ्या."
तुमच्याकडे काय मोडलं आणि नेमका कुठला भाग गेला ते लिहा. नुसतं 'जुनं ते सोनं' नको, प्लीज.

*

माझे बूट मोडले नाहीत, विरघळले. रत्नागिरीत दोन पावसाळे खोक्यात जपून ठेवले होते. भाच्याच्या लग्नात घातले आणि कार्यालयाच्या पायऱ्या चढताना मागे काळा भुगा सांडत गेला. सप्तपदीला एका पायात सोल, दुसऱ्यात नाही. चांभारकाका म्हणाले, "वापरले असते तर निदान पैसे तरी वसूल झाले असते." नंतर कळलं, सोल पॉलियुरेथेनचा होता. हवेतल्या ओलाव्याने तो आतल्या आत तुटत जातो, पाय लावा की नका लावू. कोकणात असला माल विकतातच कशाला?

*

+१. आमच्या सोफ्याचं 'लेदर' तसंच. तीन वर्षांत सालपटं निघाली. पाहुणे उठले की त्यांच्या पाठीला चिकटून जातात.

*

एलईडी बल्ब उघडून बघा. बऱ्याचदा आतले छोटे दिवे ठणठणीत असतात, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारं सर्किट. गरम होऊन आतला कपॅसिटर फुगतो. काही रुपयांचा भाग, पण टोपण चिकटवून बंद.
हे दुखणं जुनंच. १९२४ साली बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचा संघ करून बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणलं. जास्त टिकणाऱ्या बल्बवर दंड होता! अर्थात तारेचा बल्ब जास्त टिकवायचा तर तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो, हेही खरं.

*

सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. वॉशिंग मशीनची बेअरिंग गेली की पूर्वी टब खोलून बदलायचो. आता कित्येक मॉडेलांत टब कायमचा जोडूनच येतो, उघडत नाही, म्हणजे शे-दोनशेच्या बेअरिंगसाठी अख्खा ड्रम. पण गिऱ्हाइकांनाही बोलतो. पाचशे मजुरी सांगितली की "एवढे?" आणि नव्या मशीनच्या हप्त्याला हसत सही. पोरगा हे काम शिकायला तयार नाही, मीही आग्रह करत नाही.

*

थोडा विरोधी सूर. बाबांनी पहिला फ्रिज घेतला तेव्हा चार महिन्यांचा पगार गेला होता. आज तेवढं मोजायची तयारी आहे कुणाची? आणि जे जुनं टिकलं तेवढंच डोळ्यांसमोर राहतं, भंगारात गेलेलं कोण आठवतंय? तो फ्रिज वीजही भसाभसा खायचा.
छत्रीबद्दल मात्र काही बोलत नाही. यंदाच्या जूनमध्येच दोन झाल्या.

*

धागाकर्ती: पगाराचा मुद्दा मान्य. सांगलीवाले दादा, तिसरा मिक्सर अजून टाकलेला नाही. तांब्याचं वाइंडिंग भरून द्याल का? मजुरीवर घासाघीस करणार नाही.