‘रिपेरियन’ला मराठीत काय म्हणावं?

पऱ्याकाठ: देवरूखजवळच्या एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दल लोकांना असलेली माहिती टिपण्याचं, काम करतोय. सह्याद्रीतून उतरणाऱ्या ओढ्यांच्या दोन्ही अंगांना जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज अशी झाडी असते, ती ‘रिपेरियन’. मी ‘नदीतटीय वन’ लिहिलं. गावातल्या एका काकांनी विचारलं, “हितं नदी कुठाय? हा तर पऱ्या!” शब्द सुचवा.

माडबन: ‘तटीय’ नकोच. कोकणात तट म्हटलं की समुद्रच डोळ्यांपुढे येतो. वाचणारा खाऱ्या पाण्यातलं कांदळवन समजेल, तुमची झाडी गोड्या पाण्यावरची.

शब्दनिष्ठ: ‘तीरवन’ घ्या. सुटसुटीत, आणि ओढा असो की नदी, चालतो.

व्हाळकर: तीरवन कोण बोलतं हो? आमच्या कुडाळात ओढा म्हणजे व्हाळ, आणि ह्या झाडीला ‘व्हाळातला रान’ म्हणतत. ‘व्हाळरान’ करा! कांदळ हाही किनाऱ्यावरच्या माणसांचाच शब्द. २०१२ साली वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला आणि तो सरकारी कागदावर रुळला. व्हाळानेच काय घोडं मारलंय? पावसाळ्यात व्हाळ काठ कापत सुटतो तेव्हा माती धरून ठेवतं ते हेच रान. शेरणी बघा, भर प्रवाहातल्या खडकांत वाढते, पुरात आडवी होते, पाणी ओसरलं की पुन्हा उभी.

शब्दनिष्ठ: त्याच शेरणीच्या शास्त्रीय नावात ‘रिपेरिया’ आहे. लॅटिन ‘रिपा’ म्हणजे काठ, ओढा नव्हे. शिवाय व्हाळ घाटावर कोणाला कळणार? परिभाषा अख्ख्या महाराष्ट्राची हवी.

रानजायफळ: आमच्या दोडामार्गात हेवाळे-बांबर्ड्याला व्हाळाच्या पाण्यावर रानजायफळांचं दलदलीतलं जंगल आहे. मुळं चिखलातून गुडघ्यांसारखी वर येतात. २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं, पण लोकांना ती ‘राई’. देवाची म्हणून राखली, म्हणून तर उरली. नोंदवहीत गावाचा शब्द आधी लिहा, परिभाषा मागाहून.

पऱ्याकाठ: मग आमच्या गावापुरतं ‘पऱ्याकाठचं रान’? आमच्याकडे व्हाळ मोठा, पऱ्या लहान.

व्हाळकर: आमच्याकडे सगळे व्हाळच. त्यातला खोल डोह तो कोंड.

माडबन: कोंड म्हणजे वाडी ना? चिपळूणकडे कोंडमळा, साखरप्याजवळ कोंडगाव.

व्हाळकर: डोहाजवळ वस्ती झाली, तिला डोहाचं नाव पडलं. सरळ आहे.

शब्दनिष्ठ: मुळीच सरळ नाही. डोहाचा कोंड ‘कुंड’वरून आला असेल, वस्तीचा कशावरून? डोंगरावरच्या कोंडांना कुठला डोह?