आधी प्लंबर की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर? (1984 ची इमारत, कोथरूड)

कोथरूडचा_सचिव
नमस्कार. खाली पार्किंग, वर तीन मजले, 12 फ्लॅट. पाण्याच्या लाइनी मूळच्या, जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या). दोन बाथरूमखालच्या छताला कायम ओल आहे. पार्किंगमधल्या तीन कॉलमचं प्लास्टर फुगून सळया दिसू लागल्यात. एका ठेकेदाराने प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि 'भूकंपरोधक ट्रीटमेंट' असं एकच कोटेशन दिलंय. कॉलमसाठी त्यात फक्त "पॉलिमर मॉर्टर, दर चौरस फूट" एवढंच लिहिलंय. कोणाला आधी बोलवावं?

सळई_आणि_रिंग
ते कोटेशन बाजूला ठेवा. पॉलिमर मॉर्टरने पडलेलं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) भरून निघतं, भूकंपात लागणारी ताकद येत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत.

आधी महापालिकेचं लायसन असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि तो ठेकेदाराने आणलेला नको. सळया उघड्या पडलेल्या कॉलमना टेकू लावायचे का, हे त्याला पहिल्याच भेटीत विचारा. ऑडिटमध्ये नुसते फोटो चालणार नाहीत. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक (काँक्रीटचा दर्जा), हाफ-सेल (सळईचा गंज) आणि थोडे कोअर (कापून काढलेले काँक्रीटचे नमुने) मागा. कार्बोनेशनची (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षार जाऊन सळईचं संरक्षण संपण्याची) चाचणी स्वतः उभं राहून बघा: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की चांगला भाग गुलाबी होतो, बाद झालेला तसाच राहतो. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर वरून कितीही लिंपा, गंज थांबत नाही.

आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत पुणे झोन 3 मध्ये आहे, कोयना त्याहून धोक्याच्या झोन 4 मध्ये. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का पुण्यालाही जाणवला होता. तुमच्या इमारतीचं नाजूक ठिकाण पार्किंगच आहे. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खाली मोकळं. म्हणून हेलकावा सगळा त्या कॉलमांवर येतो. शिवाय भूकंपासाठी सळया-रिंगा कशा बांधायच्या हे सांगणारं आयएस 13920 आलं 1993 साली. त्याआधीच्या रिंगांचे (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांचे) हुक बहुधा 90 अंशांचे, जोराच्या धक्क्यात उघडतात.

जॅकेटिंग (जुन्या कॉलमभोवती सळयांसह नवं काँक्रीट) ठरलं तर आयएस 15988 या मजबुतीकरणाच्या मानकाप्रमाणे चारही बाजूंनी निदान 100 मिमी, काँक्रीट जुन्यापेक्षा किमान 5 एमपीए (काँक्रीटच्या ताकदीचं एकक) वरचढ, रिंगा 8 मिमीच्या आणि हुक 135 अंशांचे. सळया फुटिंगमध्ये (कॉलमच्या पायात) रुतवायच्या आणि स्लॅबला भोकं पाडून वर न्यायच्या. पार्किंगच्या फरशीवरून सुरू केलेलं जॅकेट म्हणजे नुसता जाड गिलावा. जुना पृष्ठभाग टाचून खडबडीत केल्याशिवाय सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावू देऊ नका.

पाना_नंबर_12
प्लंबरला बोलवा इंजिनिअरच्या नंतर, पण जॅकेटिंगच्या आधी. पाणी मुरतंय तोवर दुरुस्त केलेली सळईसुद्धा पुन्हा गंजेल.

तोडफोडीआधी गळती ओळखा. त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवा. ओल कमी झाली तर दाबाची लाइन गळतेय. फक्त आंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप, त्याचा जोड किंवा फरशीखालचा कोबा (काँक्रीटचा थर). त्यासाठी ट्रॅपला बूच, उंबऱ्याला सिमेंटचा छोटा बांध, 48 तास पाणी आणि पातळीची पेन्सिलने खूण, म्हणजे पाणी उतरतं का ते कळेल.

जीआयची लाइन तुकड्या-तुकड्याने बदलू नका. एक सांधा उघडताना पाना लागला की गंजून पातळ झालेला शेजारचा आटा तुटतो. उभ्या लाइनी डक्टमधून बाहेरूनच न्या. फ्लॅटमध्ये सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप), त्याला सीपीव्हीसीचंच सोल्युशन, आणि नळ-व्हॉल्व्हच्या जागी पितळी आट्याचं फिटिंग. प्लास्टिकचा आटा आवळताना चिरतो आणि टाइल बसल्यावर गळतो. जोड 24 तास सुकू द्या, वरच्या टोकाने हवा काढा, मग हँडपंपाने 6 किलोचा दाब देऊन रात्रभर ठेवा. सकाळी गेजचा काटा तिथेच दिसला तरच टाइल.

आणि हे ठळक अक्षरात लिहून घ्या: कॉलम-बीममध्ये पाईपसाठी झिरी (खाच) नाही, कोअर कटिंग (यंत्राने भोक) नाही. लाइन सरळ नेण्यासाठी बीमची रिंग कापलेली बाथरूम ढिगाने आहेत, टाइलमागे कुणालाच दिसत नाहीत.

कोथरूडचा_सचिव
हे फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. दोन शंका. जॅकेटिंगने पार्किंग किती जाईल? आणि पैसे कसे द्यावेत?

मोजमाप_वही
230 × 450 चा कॉलम 430 × 650 होतो, म्हणजे दोन कॉलममधली मोकळी जागा 200 मिमीने अरुंद. गाडीचा दरवाजा उघडतो का, ते आत्ताच खडूने आखून बघा. जिथे जमणार नाही तिथे भिंत किंवा स्टीलचं ब्रेसिंग चालेल का, हे इंजिनिअरने हिशोबाने सांगावं.

निविदा दोन वेगळ्या काढा, दोन्हींची मापं इंजिनिअरकडून. 'एलएस' (मापाशिवाय एकरकमी) म्हणून एकही आयटम नको. सळई किलोवर, काँक्रीट घनमीटरवर, पाईप व्यासाप्रमाणे मीटरवर. रिंगा बांधून झाल्यावर काँक्रीट टाकण्याआधी इंजिनिअरची सही, तिच्याशिवाय त्या टप्प्याचं बिल नाही. वॉटरप्रूफिंगची काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

गच्चीवरच्या टाक्यांचा आयटमही घाला. 5000 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 5 टन. ती विटांच्या सुट्या ठोकळ्यांवर असेल तर खाली सलग ओटा, चारही बाजूंनी स्टीलचे पट्टे, आणि टाकीतून निघणाऱ्या लाइनीला पहिल्याच जोडावर लवचीक पाईप.